मुखेडचा गट

किनवटच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यात शुक्रवारी संध्याकाळी गटांची नावं वाचली गेली तेव्हा सिंधु सिस्टर पाण्याच्या माठाजवळ उभी होती. "मुखेडचा गट," असं म्हणून वाचणाऱ्या मुलीनं चार नावं घेतली. पहिलं सिंधुचं, मग म्हाताऱ्या कोंडाबाईचं, मग रविकिरणचं. शेवटचं नाव दयानंदचं होतं. सिंधुनं पेला माठावर उपडा ठेवला आणि ती सरळ आपल्या लेकीकडं गेली. शिल्पा लातूरच्या मंडळीबरोबर शिबिराची व्यवस्था बघत होती.

"मला दुसऱ्या गटात घाल."

"आई, गट गावावरून पाडलेत. घरी गेल्यावर दर आठवड्याला एकत्र बसायचं असतंय. लातूरच्या गटात तू कशी येशील?"

"मग मला गटच नको."

"दयानंदकाका येणार हायत हे मला ठाऊक नव्हतं," शिल्पा म्हणाली. "खरंच नव्हतं. त्यांचं नाव मागाहून आलं."

सिंधुनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. परतीची गाडी आता सकाळशिवाय नव्हती. सिंधु खोलीत जाऊन खाटेवर बसली.

ती मुखेड तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. तिचे मालक नरसिंग गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. मुखेडची ख्रिस्ती मंडळी तशी लहानच. सगळे एकमेकांना नावानं, बापाच्या नावानं ओळखणारे. जुने पाळक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी त्यांच्याच मुलाला नेमायचं का, यावरून मंडळीत भांडण लागलं. नरसिंग गुरुजी सभेत उभे राहिले आणि म्हणाले, पाळकपण वारसा हक्कानं येत नसतं. मुलगा नेमला गेला. गुरुजींच्या बाजूची घरं बाहेर पडली आणि बाजाराच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये उपासना करू लागली. गाव त्यांना पत्र्यातली मंडळी म्हणू लागलं.

दयानंद त्या वेळी एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होता आणि जुन्या मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी. तो आणि नरसिंग गुरुजी पहिलीपासूनचे सोबती. भांडण झालं तरी दोघं हॉटेलात एका टेबलावर चहा प्यायचे.

मग एके दिवशी वर्गात शिकवता शिकवता गुरुजींना झटका आला. दवाखान्यात न्यायच्या आतच ते गेले. मयत घरी आणलं. बायका रडत होत्या, बाहेर माणसं खड्डा कुठं घ्यायचा ते बोलत होती. तेवढ्यात दयानंद आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. चप्पलसुद्धा काढली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "कमिटीचं म्हणणं हाय की जो सभासद न्हाई त्याला कबरस्तानात जागा देता येत न्हाई."

एवढं सांगून तो गेला. मातीलाही आला नाही.

दुपार होत आली तरी कुणाला काही सुचेना. नांदेडला न्यावं म्हणावं तर तिथं ओळख नाही. शेवटी आप्पासाहेब आले. ते गावाबाहेरच्या मळ्याचे शेतकरी, त्यांची दोन्ही पोरं गुरुजींच्या हाताखाली शिकलेली. त्यांनी घरच्यांनाही विचारलं नव्हतं, भावकीलाही नाही. "माझ्या बांधावरल्या लिंबाखाली जागा हाय," ते म्हणाले. "गुरुजी तिथं राहतील." आणि गुरुजींना तिथं मूठमाती मिळाली. पुढं आप्पासाहेबांना त्यांच्या भावकीनं बरंच ऐकवलं म्हणतात, पण ते त्यातलं सिंधुला कधी बोलले नाहीत.

याला नऊ वर्षं झाली होती. सिंधु दर रविवारी पत्र्यातल्या उपासनेला जायची. उभं राहायच्या वेळी उभी राहायची, डोळे मिटायच्या वेळी मिटायची. पण प्रार्थना काही व्हायची नाही. आत कोरडं असायचं. हे तिनं एकदा फोनवर शिल्पाला सांगितलं होतं, आणि म्हणूनच शिल्पानं हट्ट करून तिला इथं आणलं होतं. नूतनीकरण शिबिर असं बॅनरवर लिहिलं होतं. बोलताना सगळे रिट्रीटच म्हणत.

त्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत मौन पाळायचं होतं. सिंधुला ते बरं वाटलं. तिला कुणाशी बोलायचं नव्हतंच. कोंडाबाईची मात्र पंचाईत झाली. ती सत्तरीच्या पुढची, पत्र्यातल्याच मंडळीतली, जन्मात गप्प न बसलेली. आगगाडीत बसायला मिळेल म्हणून आले, असं ती येताना डब्यातल्या सगळ्यांना सांगत होती. जेवताना तिनं सिंधुच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "वरण बरं हाय, पर मीठ कमी हाय. हे देवाला सांगायचं का कुणाला?" सिंधुला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

मे महिना होता. वसतिगृहातली पोरं सुट्टीला आपापल्या गावी गेली होती. सकाळी फाटकासमोरून बाया डोक्यावर तेंदूपत्त्याचे भारे घेऊन जायच्या. ऊन तापायच्या आत एक प्रवचन, मग गाणी, मग गटात बसणं, दुपारी आराम. जागेवर ताट यायचं. सिंधु आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उठबस करत आलेली. कुणीतरी आपल्याला वाढतंय आणि आपण नुसतं बसलोय, याची तिला सवय नव्हती. पहिल्या जेवणाला ती दोनदा उठायला लागली, शिल्पानं डोळ्यांनीच तिला खाली बसवलं.

शिबिराचे प्रमुख पाळक रुद्रेश लातूरचे, चाळिशीच्या आतले. त्यांनी गटाची रीत समजावून सांगितली. घरी गेल्यावर दर आठवड्याला बसायचं आणि तीन प्रश्नांना प्रत्येकानं उत्तर द्यायचं. या आठवड्यात प्रार्थना कशी झाली? कुठं चुकलो? कुणासाठी काय केलं? "बाकी काही न्हाई," ते म्हणाले. "इथलं दोन दिवसांचं वारं घरी गेल्यावर उतरतं. पुढं हा गटच धरून ठेवतो."

मुखेडचा गट चिंचेखाली बसला. रविकिरण पतसंस्थेत कारकून होता, नुकतंच लग्न झालेलं. तो जुन्या मंडळीतला, पण भांडण झालं तेव्हा शाळेत असलेला. तो मोकळेपणानं बोलला. कोंडाबाई तर बोललीच. दयानंद खाली बघून दोन वाक्यं बोलला. सिंधुची पाळी आली तेव्हा तिनं रविकिरण आणि कोंडाबाईकडं बघून उत्तरं दिली, जणू काही तिथं चौथं माणूसच नव्हतं.

शनिवारी दुपारी चारनंतर साक्षीची वेळ होती. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं. दोघातिघांनी सांगितलं. एकाची दारू सुटली होती, एकीचं पोरगं आजारातून उठलं होतं. मग दयानंद उठला. त्याचा आवाज डेपोत घोषणा करून करून कमावलेला, माईकची गरज नसलेला. पण तो बोलायला लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनाही नीट ऐकू येईना.

त्यानं सगळं सांगितलं. सोबत्याचं नाव घेतलं नाही, पण मयत घरात असताना आपण काय निरोप नेला ते सांगितलं. मातीला गेलो नाही हे सांगितलं. त्यानंतर धड झोप नाही, असं म्हणताना तो रडायला लागला. हॉलमधल्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. रुद्रेश पाळक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्या घरातली बहीण आज इथं असेल तर तिनं पुढं यावं. प्रभूच्या समोर आज ही गाठ सुटू दे."

शिल्पा घाबरून आईकडं बघायला लागली. सिंधु जागेवरच उभी राहिली.

"मी पुढं येणार न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. उपकेंद्रात बाळंतिणीच्या नवऱ्याला काही समजावताना ती जशी बोलायची तशीच बोलली. "दयानंदभाऊ मुखेडला राहतात. मीबी तिथंच राहते. मधी दोन गल्ल्या हायत. एवढ्या वर्षांत त्यांना त्या ओलांडता आल्या न्हाईत. इथं समद्यांसमोर रडले म्हणून मी त्यांचा हात धरावा, हे मला जमायचं न्हाई."

आणि ती खाली बसली. बाहेर निघून गेली नाही. ढोलकीवाल्यानं एक गाणं सुरू केलं आणि माणसं कशीबशी त्यात सामील झाली. दयानंद उभाच होता. मग तोही बसला.

सत्र संपल्यावर लोक सिंधुच्या बाजूनं जाताना अंग चोरून चालायला लागले. एका बाईनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं की काहींचं काळीज दगडाचं असतं. सिंधु बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. कोंडाबाई हळूहळू येऊन शेजारी टेकली.

"मी चुकले का, मावशी?"

"न्हाई. जे मनात न्हाई ते हातानं करून काय उपयोग?" कोंडाबाई म्हणाली. थोड्या वेळानं ती पुढं म्हणाली, "पर गटाला यायचं. तिथं पळ काढायचा न्हाई."

"मला त्याच्यासमोर बसवत न्हाई."

"मग माझ्यासमोर बस. मी काय वाईट हाय दिसायला?"

रविवारी सकाळी न्याहारीच्या आधी रुद्रेश पाळक सिंधुला शोधत आले. हातात चहाचे दोन कप होते. एक तिला दिला आणि ते बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. "सिस्टर, काल मी घाई केली," ते म्हणाले. "मला वाटलं, आता होतंय तर होऊन जाऊ दे. ते तुमचं होतं, मी त्यात हात घालायला नको होता." सिंधु म्हणाली, बरं. एवढंच. पण पाळकानं येऊन असं सांगितलं हे तिच्या मनात राहिलं. तिच्या ओळखीच्या पाळकांपैकी कुणी असं केलेलं तिला आठवत नव्हतं.

परतीच्या गाडीत चौघं एकाच डब्यात होते. भोकरच्या पुढं गेल्यावर दयानंद जागेवरून उठून आला आणि आडव्या दांडीला धरून उभा राहिला. त्यानं कोंडाबाईलाच विचारलं, "शुक्रवारी कुठं बसायचं?"

"माझ्या घरी," कोंडाबाई म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाच्या घरी बसलं तर दुसरं यायचं न्हाई."

असं ते सुरू झालं. दर शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी चौघं कोंडाबाईच्या खोलीत बसायचे. खाली सतरंजी, भिंतीला टेकून कोंडाबाई, दाराशी दयानंद. एक गाणं, एक वचन, मग तीन प्रश्न. पहिले काही शुक्रवार सिंधु फार बोलली नाही. प्रार्थना कशी झाली? झाली न्हाई. कुठं चुकले? एका पेशंटच्या सासूवर ओरडले. कुणासाठी काय केलं? माझं कामच ते हाय. इतर गटांचं काय होत होतं कुणास ठाऊक, पण शिल्पा फोनवर सांगायची की बरेच गट दोन-तीन महिन्यांत बसायचे बंद झाले. मुखेडचा चालला. रविकिरण कधी यायचा, कधी बायकोला घेऊन सासुरवाडीला जायचा. बाकीचे तिघं मात्र चुकले नाहीत.

रविकिरण आला नव्हता अशा एका शुक्रवारी कोंडाबाई मुद्दाम उठली. "दूध आणते," म्हणाली आणि गेली. दूध घरात होतं, हे दोघांनाही दिसत होतं.

 मग सिंधुच म्हणाली, "एक विचारू का?"

"हाव, विचारा."

"त्या दिवशी आत कामून आला न्हाईत? निरोप आणला ते आणला. पाठवलं म्हणून आलात. पर उंबऱ्यावरूनच परत गेलात."

दयानंदनं मान वर केली नाही. "आत आलो असतो तर नरसिंगचं तोंड बघावं लागलं असतं," तो म्हणाला. "मग मला तो निरोप देता आला नसता."

"मग कशाला दिलात?"

"सेक्रेटरी होतो. मंडळी फुटली, आता मीबी फुटलो तर काय राहील असं वाटलं." तो थांबला. "आणि भ्यालो. तेबी हायच."

सिंधु ऐकत राहिली. तिला वाटलं होतं, कारण ऐकलं की राग वाढेल. तसं झालं नाही. कमीही झाला नाही.

"मला तुमची माफी नको," ती म्हणाली. "तुम्ही अजून सेक्रेटरी हायत. तसला निरोप पुन्हा कुणाच्या दारात जाऊ देऊ नका. बाकी मला काय नको."

"कमिटीत मांडतो," दयानंद म्हणाला.

त्यानं मांडलं. पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या प्रश्नाला त्यानं ते सांगितलं. "मांडलं. पाळक म्हणाले, बघू." पुढं पोळ्याच्या सुमारास पुन्हा मांडलं. त्या वेळी दोघं जण त्याच्यावर चिडले, पत्र्यातल्यांनी तुला फितवलं म्हणाले. दिवाळीनंतर पुन्हा. दर वेळी काय झालं ते तो गटात जसंच्या तसं सांगायचा, स्वतःची बाजू न लावता. कोंडाबाई म्हणायची, "बघायला काय हाय त्यात? कबरस्तान हाय तिथंच हाय." सिंधु काही म्हणायची नाही. पण एका शुक्रवारी पहिल्या प्रश्नाला तिचं उत्तर बदललं. "थोडी झाली," ती म्हणाली. कुणी जास्त विचारलं नाही.

नाताळच्या आधी कोंडाबाई आजारी पडली. छातीत कफ भरला. तिचा मुलगा शेषेराव नांदेडला ऑटो चालवायचा. त्यानं आईला तिथं दवाखान्यात ठेवलं, पण आठवड्यात ती घरी न्या म्हणून मागं लागली. घरी आणल्यावर सिंधु ड्युटी संपली की तिच्याकडंच जायची. अंग पुसायची, औषध द्यायची, उशाला बसून राहायची.

"सिंधु," एका दुपारी कोंडाबाई म्हणाली, "गुरुजींच्या शेजारची जागा चांगली हाय. पर मला तिथं नगं नेऊस."

"असलं बोलू नका, मावशी."

"ऐक की. माझा म्हातारा जुन्या कबरस्तानात हाय. मंडळी फुटायच्या आधी गेलता. माझ्या बाजूला जागा ठेव, म्हणून सांगून गेलता. आता मी दुसरीकडं गेले तर त्याला काय वाटंल?"

सिंधुनं तिचा हात हातात घेतला.  "बघते," ती म्हणाली, आणि आपण पाळकासारखंच बोललो, असं तिला वाटून गेलं.

नाताळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे कोंडाबाई गेली. सकाळपर्यंत खोली माणसांनी भरली. पत्र्यातली मंडळी आली, जुन्या मंडळीतल्या बायकाही आल्या. कोंडाबाईचं कुणाशी वाकडं नव्हतं. शेषेराव कोपऱ्यात बसून होता. माती कुठं, हे विचारायला कुणी धजेना.

दहाच्या सुमारास दयानंद आला. सिंधु मयताच्या उशाशी बसली होती. तिनं दाराकडं बघितलं. त्यानं बाहेर चप्पल काढली, आत आला, कोंडाबाईच्या पायाशी गुडघे टेकून बसला आणि तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग तो शेषेरावकडं वळला.

"मला कमिटीनं निरोप देऊन पाठवलंय," तो म्हणाला. त्याचा तो मोठा आवाज खोलीभर ऐकू आला. "तो मी देणार न्हाई. टिकाव-फावडं कुठं हाय सांग. आपण तुझ्या बापाशेजारी खड्डा घेऊ."

शेषेराव उठला. रविकिरणनं पतसंस्थेत फोन करून रजा टाकली आणि तोही निघाला. वाटेत आप्पासाहेबांना कळलं, तेही आपले दोन गडी आणि टिकाव घेऊन आले. जुन्या कबरस्तानाचं फाटक नुसतं तारेनं बांधलेलं होतं. दयानंदनं तार सोडली. साठी ओलांडलेला माणूस, पण पहिला टिकाव त्यानंच मारला. जमीन कडक होती, खाली मुरूम लागला. आळीपाळीनं खणत होते. थोड्या वेळात कमिटीतले तिघं-चौघं मोटारसायकलवर आले आणि फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांच्यात जुन्या मंडळीचे पाळकही होते.

"दयानंद, हे काय करून राहिलास?" एकानं विचारलं.

"दिसतंय की," दयानंद म्हणाला आणि खणत राहिला.

"नियम तुला ठाऊक हाय."

"हाव. तो बदला म्हणून तीनदा तुमच्यापुढं मांडलं. आता पोलिसांना बोलवायचं असंल तर बोलवा. मी हितंच हाय."

पोलिसांना कुणी बोलावलं नाही. तेवढ्यात मयत घेऊन माणसं आली. शवपेटीमागं बायका होत्या, त्यात कमिटीतल्या एकाची आईही होती. तिनं आपल्या मुलाकडं बघितलं आणि बाजूला हो म्हणून हातानं खूण केली. तो बाजूला झाला. बाकीचेही झाले.

पत्र्यातल्यांना स्वतःचा पाळक नव्हता, मग विधी कोण करणार? रुद्रेश पाळक लातूरहून निघाले होते, पण अहमदपूरच्या पुढं गाडी बंद पडली होती. रविकिरणनं उपासनेचं पुस्तक उघडून वाचायला घेतलं. त्याला सवय नव्हती, अडखळत वाचत होता. सिंधुनं गाणं सुरू केलं, चढं लागलं, मध्येच खाली घ्यावं लागलं. शवपेटी खड्ड्यात उतरवली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली.

माती ओढायला सुरुवात झाली तेव्हा जुन्या मंडळीचे पाळक फाटकातून आत आले. त्यांनी चपला काढल्या, कुणाकडं न बघता कबरेच्या डोक्याशी उभे राहिले आणि शेवटची प्रार्थना म्हटली. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी त्यांच्याबरोबर म्हटली, पत्र्यातल्यांनी आणि जुन्यांनीही. मग ते आले तसे निघून गेले. कुणी त्यांचे आभार मानले नाहीत.

पुढच्या रविवारी दयानंदला सेक्रेटरीपदावरून काढलं. कबरस्तानाचा नियम तसाच राहिला. तो बदलल्याचं कुणी जाहीर केलं नाही. पण महिन्याभरानं पत्र्यातल्या मंडळीतला एक म्हातारा वारला, त्याच्या घरी कसलाच निरोप गेला नाही. माणसं सरळ जुन्या कबरस्तानात गेली आणि त्यांनी खड्डा घेतला.

त्याच्या आधीच, कोंडाबाईच्या मातीनंतरचा पहिला शुक्रवार सिंधुच्या घरी झाला होता. तिनंच दोघांना तसं सांगितलं होतं. दयानंद दाराशी क्षणभर थांबला. "या," सिंधु म्हणाली, तेव्हा आत आला. रविकिरणनं कोंडाबाईसाठी प्रार्थना केली. तीन प्रश्न झाले. तिसऱ्या प्रश्नाला दयानंदनं कोंडाबाईचं नाव घेतलं नाही. तो म्हणाला, "या आठवड्यात कुणासाठी काही केलं न्हाई. पर एक करायचं मनात हाय. वहिनी म्हणत असतील तर नरसिंगला कबरस्तानात आणू. तहसीलची परवानगी मी काढतो. आता कुणी आडवं येणार न्हाई."

"उद्या सांगते," सिंधु म्हणाली. हे तिच्याही मनात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, ती आप्पासाहेबांच्या मळ्यात गेली. लिंबाखाली चौथरा होता, त्याच्या कडेनं आप्पासाहेबांनी दरवर्षीसारखीच औताला वळसा देऊन जागा सोडली होती. पलीकडं ज्वारी हुरड्यात आली होती. ती बराच वेळ बसली. तिनं डोळे मिटले आणि प्रार्थना केली. शब्द आपोआप येत होते, ओळीनं, अडचण न पडता. तिला त्याचं फार नवल वाटलं नाही.

घरी येऊन तिनं दयानंदला फोन केला. "त्यांना हलवायचं न्हाई," ती म्हणाली. "जिथं सन्मानानं ठेवलं तिथंच राहू द्या. पर तुम्ही अजून तिथं गेला न्हाईत. उद्या उपासना झाल्यावर या, मी घेऊन जाते."

रविवारी दुपारी दोघं मळ्यात गेले. दयानंदनं बांधावर चपला काढल्या आणि तो लिंबाखाली जाऊन उभा राहिला. ओठ हलत होते. काय बोलला ते सिंधुला ऐकू आलं नाही आणि तिनं कान दिला नाही. ती जरा लांब, बांधावर ठेवलेल्या औताला टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो वळला. डोळे पुसले नव्हते.

"वहिनी, मी—"

"झालं ते झालं," सिंधु म्हणाली. "माझ्याकडून मिटलं. आता ते पुन्हा काढू नका."

त्यानं मान हलवली.

आप्पासाहेबांनी पलीकडच्या बांधावर आगटी पेटवली होती आणि कणसं भाजायला टाकली होती. त्यांनी दोघांना हाक मारली. तिघं आगटीभोवती बसले. आप्पासाहेब गरम कणसं हातावर चोळून हुरडा पाखडत होते आणि यंदा पाखरांनी किती नासाडी केली ते सांगत होते. दयानंदनं विचारलं, गोफण कोण चालवतंय? आप्पासाहेब म्हणाले, कुणी मिळत नाही, मीच चालवतो, पण हात दुखतो. सिंधुनं त्यांचा खांदा दाबून बघितला आणि उद्या उपकेंद्रात या म्हणून सांगितलं.